वारली कलेचे परदेश: जव्हार-मोखाड्यापासून तोकामाचीपर्यंत

परदेशांतील आवडता देश कोणता, या प्रश्नाचे उत्तर मराठी प्रवासवर्णनांत बहुधा हवामान, स्वच्छता, शिस्त, निसर्गसौंदर्य आणि मिळकत या कसोट्यांवर दिले जाते, आणि सुट्टीसाठी जाणारा पर्यटक किंवा नोकरीसाठी स्थायिक होऊ पाहणारा तरुण यांच्या दृष्टीने त्या कसोट्या योग्यही आहेत. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके, तसेच भाषा, देवदेवता आणि सोयरिकींच्या नात्याने त्यांच्याशी जोडलेले विक्रमगड, डहाणू व तलासरी हे शेजारचे प्रदेश यांच्या बाबतीत मात्र या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. कारण या डोंगराळ पट्ट्याची जगाला झालेली ओळख व्यापारातून किंवा उच्चशिक्षणातून नव्हे, तर भिंतीवरच्या चित्रांतून आणि देवकार्यातल्या मुखवट्यांतून झाली. ही कला ज्या देशांत पोहोचली, तेथे तिला आणि ती घडवणाऱ्या माणसाला कसे वागवले गेले, यावरून त्या देशाचे मोल ठरवणे हाच येथील लोकांच्या दृष्टीने न्याय्य निकष आहे. फ्रान्स, जर्मनी, जपान आणि अमेरिका या चार देशांचा, आणि त्यांतील जी ठिकाणे मराठी प्रवाशाने आवर्जून पाहावीत त्यांचा, परिचय या निकषावर करून देता येतो.

मूळ भूमी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर असून, नाशिकहून त्र्यंबकेश्वर आणि मोखाडा या मार्गाने ते सुमारे 80 किलोमीटर अंतरावर आहे. येथे मुकणे घराण्याचे संस्थान होते, त्याची स्थापना परंपरेने 1343 साली मानली जाते आणि स्वातंत्र्यानंतर ते मुंबई राज्यातील ठाणे जिल्ह्यात विलीन झाले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो, परंतु उतारावरून पाणी वाहून जात असल्याने नागली, वरई आणि भात ही पावसावर येणारी पिके निघाली की हाताला काम उरत नाही, आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई, ठाणे या भागांकडे स्थलांतर करतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हा परिसर 1992-93 मध्ये झालेल्या बालकांच्या कुपोषणमृत्यूंमुळे राज्यभर चर्चिला गेला, आणि त्यानंतर दीर्घकाळ शहरी महाराष्ट्राच्या मनात या भागाची ओळख त्या एकाच बातमीशी बांधलेली राहिली. ज्या काळात राज्यातील वाचकाला हा प्रदेश केवळ दारिद्र्याच्या नकाशावर दिसत होता, त्याच काळात याच पट्ट्यातील कलेची दखल पॅरिससारख्या शहरात जगातील नामवंत कलावंतांच्या बरोबरीने घेतली जात होती, ही वस्तुस्थिती लक्षात ठेवल्याशिवाय पुढील प्रवासाचा अर्थ नीट कळत नाही.

या कलेची दोन अंगे आहेत. पहिले अंग भिंतीवरील चित्रांचे होय. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माती-शेणाचा गिलावा देऊन उभारलेल्या भिंतीला कूड म्हणतात. कुडावर गेरूचा हात फिरवून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने लग्नप्रसंगी चौक लिहिला जातो. चौक म्हणजे नक्षीदार चौकटीत रेखाटलेली देवता पालघट हिची जागा. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो, आणि लग्नविधी गीतांच्या साथीने पार पाडणाऱ्या धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रीच्या, उपस्थितीशिवाय त्या चौकाला पूर्णत्व येत नाही. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांतून माणसे, झाडे, जनावरे, शेतीची कामे आणि तारपा या वाद्याभोवती फेर धरणारी माणसे साकार होतात. तारपा हे वाळवलेला दुध्या भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून तयार होणारे फुंकवाद्य आहे.

दुसरे अंग बोहाड्याचे आहे. होळीपासून वैशाखापर्यंतच्या काळात जव्हार-मोखाड्याच्या गावांतून हा रात्रभर चालणारा उत्सव होतो. गणपती आणि शारदा यांच्या आगमनाने आरंभ होऊन देव, दानव आणि पशू यांची सोंगे संबळ-सनईच्या तालावर एकामागून एक मिरवतात, आणि जगदंबेने महिषासुराचा वध केल्यावर उत्सवाची सांगता होते. सोंग घेणारा माणूस जड मुखवटा चेहऱ्यावर बांधून नाचतो. पूर्वी हे मुखवटे लाकडाचे असत, पुढे कागदाच्या लगद्यापासून हलके मुखवटे घडवणारे कसबी कारागीर जव्हार परिसरात तयार झाले. चित्र आणि मुखवटा या दोन्ही गोष्टी मुळात विकण्यासाठी किंवा टांगून ठेवण्यासाठी नव्हत्या. लग्न झाले की चौक हळूहळू पुसला जाई आणि बोहाडा संपला की मुखवटा पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेवला जाई.

फ्रान्स: नाव देणारा देश

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या कलावंताने वारली वस्त्यांत जाऊन भिंतीवरचे चित्र कागदावर उतरवण्यास प्रोत्साहन दिले, आणि त्यातून तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेले व डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यात राहणारे जिव्या सोमा म्हसे हे नाव पुढे आले. केवळ विधीपुरते चित्र लिहिण्याची मर्यादा ओलांडून रोजच्या जगण्यावर, लोककथांवर आणि निसर्गावर सातत्याने चित्रे काढणारे ते पहिले वारली चित्रकार मानले जातात. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड या कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि लगेच पुढल्या वर्षी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों या गावी त्यांची चित्रे पोहोचली.

फ्रान्समधील निर्णायक वर्ष 1989 हे होय. त्या वर्षी झां-युबेर मार्तां या कलातज्ज्ञाने पॅरिसमध्ये 'माजिसियँ द ला तेर', म्हणजे पृथ्वीवरील जादूगार, या नावाचे प्रदर्शन भरवले आणि त्यात सुमारे 100 कलावंतांपैकी निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे निवडले. पाश्चात्त्य कलावंताच्या कामाला कला म्हणायचे आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया किंवा भारत येथील कामाला मात्र मानववंशशास्त्राचा नमुना समजून निनावी मांडायचे, ही तोवरची रूढी या प्रदर्शनाने मोडू पाहिली. पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत येथील ग्रांद हाल या दोन ठिकाणी ते मांडले गेले, आणि त्यात जिव्या सोमा म्हसे यांचा सहभाग त्यांच्या स्वतःच्या नावाने होता. पुढे 2010 मध्ये पॅरिसच्याच के ब्रांली संग्रहालयात भारतातील लोककला व आदिवासी कला यांचे 'ओत्र मेत्र द लँद', म्हणजे भारताचे इतर गुरू, हे मोठे प्रदर्शन झाले, त्यातही वारली चित्रांना मानाचे स्थान होते.

मराठी प्रवाशाच्या पॅरिसच्या यादीत आयफेल मनोरा असतोच. त्या मनोऱ्यापासून सेन नदीच्या काठाने काही मिनिटे चालले की के ब्रांली संग्रहालय लागते. झां नुव्हेल या वास्तुरचनाकाराने आखलेले आणि 2006 मध्ये खुले झालेले हे संग्रहालय आफ्रिका, आशिया, ओशनिया आणि अमेरिका या खंडांतील कलांना वाहिलेले आहे. सोमवारी ते बंद असते, आणि मांडणी बदलत राहत असल्याने भारतातील वस्तूंपैकी काय पाहता येईल याची चौकशी आधी केलेली बरी. पाँपिदू केंद्र 2025 पासून दीर्घ मुदतीच्या नूतनीकरणासाठी बंद आहे. ला व्हिलेतचे ग्रांद हाल मात्र अजूनही पाहता येते, आणि एकोणिसाव्या शतकात गुरांच्या बाजारासाठी उभारलेल्या त्या लोखंडी इमारतीत पुढे जगभरची कला एकत्र आली, हे ध्यानात घेऊन तेथे गेल्यास त्या जागेचे महत्त्व अधिक जाणवते.

जर्मनी: बरोबरीचे आसन देणारा देश

फ्रान्समधील प्रदर्शनाचे धागे जर्मनीपर्यंत पोहोचतात. 1989 च्या पॅरिसमधील प्रदर्शनात रिचर्ड लाँग या इंग्लिश कलावंताचेही काम होते. हा कलावंत लांब पदयात्रा करून, वाटेतील दगड-माती मांडून रेषा आणि वर्तुळे घडवतो आणि कधी चिखल हाताने भिंतीवर लिंपून चित्र करतो. झां-युबेर मार्तां पुढे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहराच्या कुन्स्ट पालास्ट या संग्रहालयाचे संचालक झाले, आणि 2003 मध्ये तेथे रिचर्ड लाँग व जिव्या सोमा म्हसे या दोघांचे संवादरूप प्रदर्शन भरले. 2004 मध्ये त्याच दोघांची चित्रे इटलीतील मिलान शहरात एकत्र मांडली गेली. एका बाजूला टर्नर पुरस्कार मिळवलेला युरोपीय कलावंत आणि दुसऱ्या बाजूला शाळेची पायरी न चढलेला वारली शेतकरी, अशी ही जोडी असली, तरी माती, चाल आणि वर्तुळ या समान आधारांवर दोघांना समोरासमोर ठेवण्यात आले. कोणी कोणाचा नमुना किंवा प्रेरणास्रोत म्हणून मांडला गेला नाही. आदिवासी कलेच्या जागतिक प्रवासात अशी बरोबरी क्वचितच मिळते. नेदरलँड्सने 2009 मध्ये प्रिन्स क्लाउस पुरस्कार देऊन म्हसे यांच्या कार्याचा गौरव केला, तर भारत सरकारने 2011 मध्ये त्यांना पद्मश्री दिली. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

ऱ्हाईन नदीवरील ड्युसेलडॉर्फ हे पाहण्यासारखे शहर आहे, आणि युरोपातील सर्वांत मोठ्या जपानी वसाहतींपैकी एक तेथे नांदत असल्याने इमरमान रस्त्यावर जपानी दुकाने व उपाहारगृहे यांची रांग लागलेली दिसते. वारली कलेच्या दृष्टीने जर्मनीतील दुसरे शहर म्हणजे कासेल. तेथे 1955 पासून भरणारे आणि आता दर 5 वर्षांनी होणारे डॉक्युमेंटा हे समकालीन कलेचे प्रदर्शन जगभरातील अभ्यासकांना ओढून घेते, आणि तेथेच जव्हारच्या मुखवट्यांनी पाऊल ठेवले.

अमेरिका: मुखवट्यांचा नवा मुक्काम

2015 पासून छायाचित्रकार गौरी गिल यांनी जव्हार परिसरातील कागदी लगद्याच्या मुखवट्यांचे कारागीर सुभाष धर्मा कडू आणि भगवान धर्मा कडू या बंधूंसोबत, तसेच वारली व कोकणा समाजातील त्यांच्या सहकाऱ्यांसोबत, एक दीर्घ चित्रमालिका सुरू केली. बोहाड्यातील देव-दानवांच्या ठरलेल्या मुखवट्यांऐवजी आजच्या माणसांचे, त्यांच्या मनःस्थितींचे, प्राण्यांचे आणि रोज वापरातल्या वस्तूंचे मुखवटे करावेत, अशी कल्पना त्यातून पुढे आली, आणि ते मुखवटे घालून गावकऱ्यांनी दवाखाना, दुकान, घर, रस्ता अशा नेहमीच्या जागी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' या नावाची ही मालिका 2017 मध्ये कासेल व अथेन्स या दोन्ही शहरांत भरलेल्या डॉक्युमेंटात, 2018 मध्ये न्यूयॉर्कमधील मोमा पीएस वन या कलाकेंद्रात आणि 2019 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात दाखवली गेली. मोमा पीएस वन हे न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील लाँग आयलंड सिटी येथे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत चालते. मॅनहॅटनमधील प्रसिद्ध संग्रहालयांपेक्षा तेथे गर्दी कमी असते, आणि भुयारी रेल्वेने सहज पोहोचता येते. मुखवटा हा देवाचा असतो, हे जव्हारचे लोक जाणतात. म्हणूनच देवाचे मुखवटे उत्सवासाठी राखून, माणसाचे मुखवटे जगापुढे नेण्याचा हा मार्ग परंपरेचा मान ठेवणारा होता. मुखवट्यांचा हा प्रवास मुख्यतः छायाचित्रांच्या रूपाने झाला हे खरे असले, तरी कारागिरांची नावे कामाशी जोडलेली राहिली, हे त्याचे विशेष मोल आहे.

जपान: राहून काम करण्याचा देश

फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका येथे वारली कला प्रदर्शनापुरती गेली, जपानमध्ये मात्र कलावंत महिनोन्‌महिने राहून चित्रे काढत राहिले, आणि या फरकामुळे जपानचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. निगाता प्रांतातील तोकामाची शहराजवळ ओइके नावाच्या तलावाकाठी, बंद पडलेल्या एका शाळेत तोकियो हासेगावा या संगीतकाराने 1982 मध्ये मिथिला संग्रहालय उभे केले. बिहारमधील मिथिला चित्रांच्या संग्रहातून आरंभ झालेल्या या संस्थेने पुढे मध्य प्रदेशातील गोंड आणि महाराष्ट्रातील वारली कलावंतांनाही निमंत्रणे दिली. राहण्याची सोय, साहित्य आणि सलग वेळ मिळाल्याने, गावी शेतीच्या आणि मजुरीच्या धावपळीत न जमणारी मोठ्या आकाराची चित्रे तेथे निर्माण झाली.

तोकामाचीचा परिसर डोंगरउताराच्या भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. जपानमधील सर्वांत लांब, म्हणजे 367 किलोमीटर लांबीची, शिनानो नदी या खोऱ्यातून वाहते; उओनुमा भागातील कोशिहिकारी जातीचा तांदूळ देशभर नावाजला जातो, आणि होशितोगे येथील पायऱ्यापायऱ्यांची खाचरे पाहण्यासाठी पहाटे प्रवासी जमतात. हिवाळ्यात येथे माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचतो, त्यामुळे घरांची छपरे, साठवणीची पद्धत आणि वर्षाचे सारे कामकाज त्या बर्फाभोवती बेतलेले आहे. तरुण शहरांकडे गेल्याने ओस पडू लागलेल्या या खेड्यांत 2000 पासून एचिगो-त्सुमारी हे कलाप्रदर्शन शेतांत, रिकाम्या घरांत आणि बंद शाळांत भरवले जाते. भात पिकवणारा डोंगर, कामासाठी बाहेर जाणारी तरुण पिढी आणि कलेच्या आधाराने गाव टिकवण्याची धडपड, या तिन्ही गोष्टी जव्हार-मोखाड्याच्या माणसाला सहज ओळखू येतील अशा आहेत. टोकियोहून जोएत्सू शिंकान्सेन या वेगवान गाडीने एचिगो-युझावा आणि तेथून होकुहोकू मार्गाच्या गाडीने तोकामाची असा प्रवास करता येतो. बर्फ वितळल्यानंतरचा वसंत ते शरद हा काळ त्यासाठी सोयीचा आहे.

परदेशी वास्तव्याची दुसरी बाजूही याच ठिकाणाशी जोडलेली आहे. गोंड चित्रकलेला आधुनिक रूप देणारे जनगढ सिंह श्याम यांनी 2001 मध्ये मिथिला संग्रहालयातील वास्तव्यात आत्महत्या केली, आणि त्या घटनेने परदेशी निमंत्रणावर जाणाऱ्या आदिवासी कलावंताचा एकटेपणा, त्याचा मोबदला, परतीची मुदत आणि भाषेची अडचण हे प्रश्न भारतीय कलाविश्वापुढे तीव्रतेने उभे केले. कलावंताच्या मागे घर, शेत आणि पाडा असतो, पाडा म्हणजे गावाच्या पोटातील छोटी वस्ती; तिच्यापासून अनेक महिने दूर राहणे हे शहरी माणसाच्या परदेशवारीपेक्षा फार कठीण असते. म्हणून अशा निमंत्रणांत सोबती, दुभाषा, लेखी करार आणि हवे तेव्हा परतण्याची मुभा या चार गोष्टी असल्याच पाहिजेत.

निष्कर्ष

या चारही देशांनी वारली कलेला काही ना काही दिले. फ्रान्सने कलावंताला नाव दिले, जर्मनीने बरोबरीचे आसन दिले, अमेरिकेने मुखवट्यांच्या कारागिरांना समकालीन कलेच्या व्यासपीठावर आणले, आणि जपानने काम करण्यासाठी निवारा व वेळ दिला. पाहण्यासाठी कोणताही देश निवडावा, परंतु राहून काम करण्यासाठी या कलेच्या दृष्टीने जपानच सर्वांत जवळचा ठरतो. कारण तेथील निसर्ग, शेती आणि गावाची हलाखी यांच्याशी येथील जगण्याचे साम्य आहे, आणि निर्मितीला लागणारा सलग अवकाश तेथे प्रत्यक्ष मिळाला. एक उणीव मात्र सर्वत्र दिसते: चौक लिहिण्याचा परंपरागत अधिकार स्त्रियांचा असूनही परदेशांत गाजलेली नावे प्रामुख्याने पुरुषांची आहेत, आणि पुढील निमंत्रणांनी ही उणीव जाणीवपूर्वक भरून काढली पाहिजे.

वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक उपदर्शन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. तरीही पिशव्या, पडदे आणि हॉटेलांच्या भिंती यांवर निनावी वारली आकृत्या सर्रास छापल्या जातात, आणि ज्या समाजाचे ते चित्र आहे त्याला त्यातून काही मिळत नाही. पॅरिसने 1989 मध्ये जे केले, म्हणजे चित्राखाली चित्रकाराचे नाव लिहिले, ते महाराष्ट्रातील प्रत्येक घराला, शाळेला आणि कार्यालयाला आजही करता येण्यासारखे आहे. परदेशप्रवासाची आखणी करणाऱ्या मराठी वाचकाने के ब्रांली, कासेल, लाँग आयलंड सिटी आणि तोकामाची ही ठिकाणे आपल्या यादीत जरूर घ्यावीत. पण त्याआधी एखाद्या उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याला जाऊन, गावकऱ्यांची परवानगी घेऊन, एक रात्र बोहाडा पाहावा, आणि चित्र किंवा मुखवटा विकत घेताना तो घडवणाऱ्याचे नाव विचारून, त्याची किंमत थेट त्याच्या हातात द्यावी.